पातळ चुंबकीय फिल्मचं पहिलं मोजमाप: नवख्यांसाठी एक वाट

५ मिलिमीटर बाय ५ मिलिमीटर सिलिकॉनच्या तुकड्यावर २० नॅनोमीटर जाडीची परमॅलॉयची (निकेल-लोखंडाच्या मिश्रधातूची) फिल्म चढवली, तर त्या फिल्मचं वजन भरतं जेमतेम ४ मायक्रोग्रॅम. खालचा सिलिकॉन अर्धा मिलिमीटर जाड धरला तर त्याचं वजन २९ मिलिग्रॅम, म्हणजे फिल्मच्या साडेसहा हजार पटींहून जास्त. मशीनमध्ये दोन्ही एकत्रच जातात. शिवाय चिकटवायची टेप, होल्डर, चिमट्याचा ओरखडा आणि खिडकीतून आलेली धूळही सोबत जाते. मशीन या सगळ्यांच्या चुंबकत्वाची बेरीज दाखवतं.

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी किंवा पीएचडीच्या पहिल्या वर्षी या विषयात पाऊल टाकणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. मशीनची बटणं लॅबमधले सीनियर शिकवतात. बाहेरचं चुंबकीय क्षेत्र, म्हणजे फील्ड, वाढवत-कमी करत चुंबकत्व मोजलं की जो आलेख येतो त्याला लूप म्हणतात. समोर आलेल्या लूपमधलं फिल्मचं किती आणि इतरांचं किती, हे मात्र बहुतेकांना ठेच लागल्यावरच कळतं. मलाही तसंच कळलं. पहिल्या वर्षी तुलनेसाठी म्हणून मी तांब्याची साधी फिल्म मोजली आणि तिच्यात स्वच्छ हिस्टेरेसिस लूप आला. तांब्यात लूप यायला नको. तीन आठवडे मी त्याची कारणं शोधत होतो, ऑक्साइड, पृष्ठभागावरचे दोष, काय काय वाचलं. शेवटी नुसता कोरा सबस्ट्रेट, म्हणजे फिल्म नसलेला खालचा तुकडा, मोजला आणि तोच लूप पुन्हा उमटला. तुकडे पोलादी चिमट्याने उचलले होते, त्याचे कण कडांना लागले होते. ते तीन आठवडे तुमचे वाचावेत, एवढी इच्छा आहे.

पहिली पायरी: मशीनकडे जाण्याआधी कागदावर हिशेब

फिल्मचं चुंबकीय आघूर्ण, ज्याला लॅबमध्ये सगळे नुसतं ‘मोमेंट’ म्हणतात, ते मोजण्याआधी काढता येतं. परमॅलॉय म्हणजे साधारण ८० टक्के निकेल आणि २० टक्के लोखंड. पूर्ण चुंबकित झाल्यावर त्याच्या दर घन सेंटिमीटरला सुमारे ८०० ईएमयू (हे मोमेंटचं एकक) मोमेंट असतो. निकेलचा ४८५, कोबाल्टचा सुमारे १४००, लोखंडाचा सुमारे १७००. हे चार आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, रोज लागतात.

आपल्या फिल्मचं क्षेत्रफळ ०.२५ चौरस सेंटिमीटर आणि जाडी २० नॅनोमीटर. आकारमानाला ८०० ने गुणलं की उत्तर येतं ४०० मायक्रो-ईएमयू. व्हायब्रेटिंग सॅम्पल मॅग्नेटोमीटर, म्हणजे व्हीएसएम, चांगल्या स्थितीत असेल तर १ मायक्रो-ईएमयूच्या आसपास ओळखतो. स्क्विड, म्हणजे अतिवाहक संवेदक वापरणारा मॅग्नेटोमीटर, त्याहून शंभरपट बारीक. म्हणजे २० नॅनोमीटरची फिल्म व्हीएसएमवर आरामात दिसेल, १ नॅनोमीटरचीही दिसेल, पण तिथे गोंगाट जाणवू लागेल.

आता दुसरी बाजू. सिलिकॉन प्रतिचुंबकीय आहे, फील्डच्या उलट दिशेला किंचित चुंबकित होतो. वरच्याच तुकड्याचा १०,००० ओर्स्टेडला (ओर्स्टेड हे फील्डचं एकक) मोमेंट येतो उणे ३२ मायक्रो-ईएमयू, फिल्मच्या ८ टक्के. ५०,००० ओर्स्टेडपर्यंत गेलात तर उणे १६०, म्हणजे ४० टक्के. परमॅलॉयची फिल्म प्रतलात, म्हणजे पृष्ठभागाला समांतर दिशेत, काही ओर्स्टेडमध्येच संपृक्त (पूर्ण चुंबकित) होते, त्यामुळे एवढं फील्ड लावायचं कारणच नसतं. तरी नवखे लावतात, मशीनमध्ये सोय असते म्हणून.

आणि तिसरा हिशेब. ४०० मायक्रो-ईएमयू एवढा मोमेंट लोखंडाच्या केवढ्या कणात असतो? उत्तर: साधारण ६० मायक्रोमीटर बाजूच्या कणात. माणसाच्या केसाची जाडी साधारण तेवढीच. तुमची अख्खी फिल्म आणि केसाच्या जाडीचा लोखंडाचा एक कण, मशीनच्या दृष्टीने सारखेच.

दुसरी पायरी: स्वच्छता, चुंबकीय अर्थाने

साधी स्वच्छता आणि चुंबकीय स्वच्छता या दोन वेगळ्या गोष्टी. अ‍ॅसिटोन आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये सोनिकेट केलेला (ध्वनिलहरींनी हलवून धुतलेला) तुकडा चकचकीत दिसतो, पण लोखंडाचा अंश त्यावर राहू शकतो. सबस्ट्रेट कोरा असतानाच पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात थोडा वेळ बुडवून डीआय (आयनमुक्त) पाण्याने धुतला तर तो निघतो. फिल्म चढवल्यावर हे करायचं नाही, आम्ल फिल्मच खाऊन टाकेल.

चिमटा प्लास्टिकचा, सिरॅमिकचा किंवा टायटॅनियमचा घ्या. ‘स्टेनलेस स्टीलला चुंबक चिकटत नाही’ हे अर्धंच खरं आहे. ३०४ जातीचं स्टील मूळ रूपात चुंबकीय नसतं, पण दाबून, वाकवून, ठोकून आकार दिला की त्यातला काही भाग चुंबकीय होतो. घरातल्या स्टीलच्या वाट्या-डब्यांना फ्रिजवरचं चुंबक लावून बघा, सपाट भागाला न चिकटणारं चुंबक काही भांड्यांच्या काठाला हलकेच ओढलं जातं. चिमट्याचं टोक हा असाच वाकवलेला, घासलेला भाग.

काप डायमंड पेनने, फिल्म चढवण्याआधीच. चढवल्यावर कापलं की कडेची फिल्म सोलते, आणि क्षेत्रफळाचा हिशेब बिघडतो. चांदीचा पेंट, मार्कर पेनची शाई, काही टेपा, रंगीत स्ट्रॉ यांतही चुंबकीय अंश सापडतो. सबस्ट्रेटवर मागच्या बाजूने मार्करने नंबर टाकायची सवय सगळ्यांनाच असते. टाकू नका. नंबर डबीवर टाका.

धुळीचं सांगायचं तर आपल्याकडची धूळ जरा जास्तच धोक्याची आहे. महाराष्ट्राचा बराचसा भाग काळ्या बसाल्टवर उभा आहे आणि बसाल्टमध्ये मॅग्नेटाइटच्या जातीची खनिजं असतात. लहानपणी स्पीकरमधलं चुंबक मातीत फिरवून त्याला चिकटलेला काळा बुरा गोळा केला असेल, तोच हा. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला हलवली गेली, तेव्हा तिथल्या इमारतींसाठी शेजारचा काळा दगड न घेता पोरबंदरचा वालुकाश्म तपासून आणला होता. पृथ्वीचं क्षेत्र मोजणाऱ्यांनी शंभर वर्षांपूर्वी इमारतीच्या दगडाची जी काळजी घेतली, तीच आपल्याला अर्ध्या सेंटिमीटरच्या तुकड्याची घ्यायची आहे. नमुने झाकणाच्या डबीत, खिडकीपासून लांब.

तिसरी पायरी: फिल्म चढवणं

सुरुवात परमॅलॉयने करा असं मी आग्रहाने सांगेन. या मिश्रणात स्फटिकाची स्वतःची चुंबकीय आवडनिवड आणि ताणाचा परिणाम, दोन्ही जवळजवळ शून्यावर येतात. त्यामुळे जे दिसतं ते आकाराचं, जाडीचं आणि तुम्ही कोरलेल्या रचनेचं असतं. कोबाल्टपासून सुरुवात केली तर एकाच वेळी पाच गोष्टी समोर येतात आणि कुठली कशामुळे हे सुटत नाही.

स्पटरिंगमध्ये, म्हणजे प्लाझ्माच्या माऱ्याने टार्गेट नावाच्या धातूच्या चकतीतून अणू उडवून ते तुकड्यावर बसवण्याच्या पद्धतीत, एक अडचण पहिल्याच दिवशी येते. मॅग्नेट्रॉनच्या (टार्गेट बसवायच्या बैठकीच्या) खालच्या चुंबकांचं क्षेत्र टार्गेटच्या वर यायला हवं, तिथेच प्लाझ्मा टिकतो. टार्गेट स्वतःच चुंबकीय असेल तर ते क्षेत्र टार्गेटच्या आतूनच वळून जातं आणि प्लाझ्मा पेटत नाही. म्हणून परमॅलॉयचं किंवा कोबाल्टचं टार्गेट पातळ घ्यायचं, १ ते दीड मिलिमीटरचं. नेहमीचं ३ मिलिमीटरचं टार्गेट मागवून बसलेले मी पाहिले आहेत, आणि टार्गेट स्वस्त नसतं.

खाली टॅंटलमचा ३ ते ५ नॅनोमीटरचा थर, मग परमॅलॉय, वर पुन्हा टॅंटलमचं झाकण. झाकणाशिवाय फिल्म हवेत ठेवायची नाही. कोबाल्टला तर उघडं ठेवलं की पृष्ठभागावर कोबाल्ट ऑक्साइड तयार होतो. तो प्रतिफेरोचुंबकीय आहे (त्यातले शेजारचे अणू एकमेकांच्या उलट दिशेला चुंबकित असतात), सुमारे २९० केल्व्हिनच्या खाली त्याची चुंबकीय घडी बसते आणि शेजारच्या कोबाल्टला तो एका दिशेला ओढून धरतो. फील्ड लावून थंड केलं की लूप शून्याभोवती न राहता बाजूला सरकतो. माइकलजॉन आणि बीन यांनी १९५६ मध्ये कोबाल्टच्या ऑक्साइड चढलेल्या कणांमध्ये हेच पाहिलं, त्याला एक्सचेंज बायस म्हणतात. हार्ड डिस्कच्या रीड हेडमध्ये हा परिणाम मुद्दाम वापरतात. तुम्हाला तो नको असताना आला तर झाकण विसरलात असं समजा.

आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. चेंबरमधून नमुना काढताना तो कुठल्या दिशेला तोंड करून होता, याची खूण ठेवा. मॅग्नेट्रॉनच्या भरकटलेल्या क्षेत्रामुळे किंवा अणू तिरके येऊन पडल्यामुळे परमॅलॉयला प्रतलातली एक दिशा सोपी आणि तिच्या काटकोनातली अवघड होते. फरक जेमतेम ५ ओर्स्टेडचा, पण लूपचा चेहरा त्यावर ठरतो. खूण म्हणून फिल्म चढवण्याआधीच तुकड्याचा एक कोपरा कापून ठेवतात, तेवढं पुरतं. फक्त हिशेबात त्या कोपऱ्याचं क्षेत्रफळ वजा करा.

जाडी क्वार्ट्झ मॉनिटरवर विसंबून ठरवू नका. क्ष-किरण परावर्तनाचा एक आलेख काढा. त्यातल्या लाटांच्या अंतरावरून जाडी नॅनोमीटरच्या अंशापर्यंत मिळते. जाडी १० टक्के चुकली की चुंबकनही तेवढंच चुकतं, कारण मोमेंटला आकारमानाने भागूनच ते काढायचं असतं. क्षेत्रफळाचंही तसंच: ५ मिलिमीटरऐवजी तुकडा ४.८ चा निघाला तर जवळपास ८ टक्के गेले. पट्टी शेजारी ठेवून वरून फोटो काढा आणि त्यावरून मोजा.

चौथी पायरी: नॅनोरचना

इलेक्ट्रॉन बीम लिथोग्राफी, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या झोताने नक्षी कोरायची सोय, सगळ्यांना मिळत नाही. हातात येणारा स्वस्त आणि सुंदर मार्ग म्हणजे पॉलिस्टायरीनच्या गोळ्या. एकसारख्या आकाराच्या, समजा ५०० नॅनोमीटर व्यासाच्या गोळ्यांचं दुधाळ द्रावण बाटलीत मिळतं. ते अल्कोहोलमध्ये मिसळून, तिरप्या काचेवरून हळूहळू पाण्याच्या पृष्ठभागावर सोडायचं. गोळ्या पाण्यावर तरंगत एकमेकींना खेटतात आणि मधमाशांच्या पोळ्यासारखी षट्कोनी मांडणी आपोआप जमते. पाण्याच्या थाळीकडे दिव्याच्या उजेडात तिरकं पाहा: जिथे मांडणी नीट बसली तिथे हिरवा, निळा, तांबडा रंग मोराच्या पिसासारखा फिरतो. जिथे नुसता दुधी डाग दिसतो तिथे गोळ्या एकावर एक चढल्या आहेत. सूक्ष्मदर्शकाआधी ही परीक्षा डोळ्यांनीच होते आणि ती क्वचितच चुकते. मग त्या रंगीत भागाखालून सबस्ट्रेट अलगद वर उचलायचा आणि तिरका ठेवून वाळू द्यायचा.

वाळल्यावर ऑक्सिजन प्लाझ्मात गोळ्या ५०० वरून ३०० नॅनोमीटरपर्यंत झिजवायच्या. त्यांच्या जागा बदलत नाहीत, फक्त मध्ये फटी पडतात. वरून फिल्म चढवायची, नंतर टोल्युइनमध्ये सोनिकेट करून गोळ्या काढायच्या. मागे राहते जाळीची फिल्म, प्रत्येक गोळीच्या जागी एक भोक. या कामाला स्पटरिंगपेक्षा बाष्पीभवनाने चढवलेली फिल्म बरी. स्पटरिंगमध्ये अणू सगळ्या बाजूंनी येतात आणि गोळीच्या पोटाखालीही शिरतात, भोकांच्या कडा पुसट होतात.

एक तपासणी चुकवू नका. ५०० नॅनोमीटर अंतरावर ३०० नॅनोमीटरची भोकं असतील तर षट्कोनी मांडणीत भोकांनी व्यापलेली जागा ३३ टक्के येते. म्हणजे फिल्म उरली ६७ टक्के. बिनभोकाच्या फिल्मचा मोमेंट ४०० मायक्रो-ईएमयू होता, तर जाळीचा २७०च्या आसपास यायला हवा. ३५० आला, तर गोळ्यांच्या डोक्यावर बसलेल्या धातूच्या टोप्या निघालेल्या नाहीत. त्या टोप्याही चुंबकीय असतात आणि त्यांचा वेगळाच लूप जाळीच्या लूपमध्ये मिसळतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातलं चित्र आणि मॅग्नेटोमीटरचा आकडा एकमेकांशी जुळले पाहिजेत. जुळेपर्यंत पुढे जायचं नाही, हा माझा नियम आहे.

पाचवी पायरी: मोजणं

पहिल्या दिवशी फिल्म मोजूच नका. आधी रिकामा होल्डर मोजा. मग त्याच वेफरमधून कापलेला, त्याच आम्लात धुतलेला, फिल्म नसलेला तुकडा मोजा. तिथे सरळ, खाली झुकणारी रेघ यायला हवी. तिच्यात मध्येच वळण किंवा लूप दिसला तर चिमटा, टेप, होल्डर यांत दोष शोधा. काचेचा सबस्ट्रेट असेल तर वेगळी गंमत: साध्या काचेत लोखंडाचा अंश असतो, आणि तापमान खाली नेलं की त्याचा अनुचुंबकीय (फील्डच्याच दिशेला होणारा) मोमेंट झपाट्याने वाढतो आणि रेघ वाकते. कमी तापमानाचं काम करायचं असेल तर काच घेऊ नका.

मशीनचं अंशांकन बहुतेक निकेलच्या छोट्या गोळीने केलेलं असतं. पण गोळी आणि पसरट चौकोनी फिल्म यांचा मोमेंट संवेदक कॉइलना सारखा दिसत नाही. उत्तम उपाय म्हणजे निकेलच्या पत्र्याचा तुमच्या नमुन्याच्याच लांबी-रुंदीचा तुकडा कापून त्यावर अंशांकन तपासणं.

आता फिल्म. प्रतलातल्या सोप्या दिशेत, मग ९० अंशांत, मग प्रतलाला लंब. शून्याजवळ फील्डची पावलं अर्ध्या ओर्स्टेडची ठेवा, लांब गेल्यावर मोठी चालतील. चांगल्या परमॅलॉय फिल्मची कोअर्सिव्हिटी, म्हणजे चुंबकन शून्यावर आणायला लागणारं उलट फील्ड, १ ते ५ ओर्स्टेड असते. ५० ओर्स्टेडच्या पावलांनी मोजलंत तर तुमच्या लूपची रुंदी तुमच्या पावलांनी ठरवलेली असेल.

इथेच अतिवाहक चुंबकाचा सापळा आहे. स्क्विडसारख्या यंत्रात चुंबक अतिवाहक असतो. काही टेस्लापर्यंत जाऊन परत शून्यावर आलं की त्याच्या गुंडाळ्यांमध्ये चुंबकीय प्रवाह अडकून राहतो आणि नमुन्याच्या जागी दहा-वीस ओर्स्टेडचं उलटं फील्ड शिल्लक राहतं. स्क्रीनवर मात्र शून्य दिसतं, कारण यंत्र विजेच्या प्रवाहावरून फील्डचा अंदाज करतं. मग परमॅलॉयचा लूप उलटा येतो, कोअर्सिव्हिटी ऋण. काहीतरी नवीन सापडलं असं वाटायला लावणारा हा लूप आहे, आणि त्यात नवीन काही नसतं. मऊ फिल्म विद्युतचुंबकाच्या व्हीएसएमवर मोजा, जिथे नमुन्याशेजारीच हॉल प्रोब (फील्ड थेट मोजणारा संवेदक) बसवलेला असतो. ते शक्य नसेल तर जास्त फील्डपर्यंत जाऊच नका.

केर परिणामावर चालणारं ऑप्टिकल मोजमाप, म्हणजे मोक, लॅबमध्ये असेल तर आवर्जून वापरा. चुंबकित पृष्ठभागावरून परावर्तित होताना प्रकाशाचं ध्रुवण किंचित फिरतं, हे जॉन केर यांनी १८७७ मध्ये दाखवलं. धातूत प्रकाश १०-२० नॅनोमीटरच शिरतो, त्यामुळे सबस्ट्रेटचा त्रास जवळजवळ नाही आणि एक लूप काही सेकंदांत मिळतो. मोमेंटचा आकडा मात्र त्यातून मिळत नाही. मी नेहमी दोन्ही करतो: लूपचा आकार मोकवर, मोमेंट व्हीएसएमवर, आणि दोन्हीकडची कोअर्सिव्हिटी जुळते का ते पाहतो.

यंत्र तुमच्या विभागात नसेल तर भारत सरकारच्या आय-स्टेम पोर्टलवर देशभरातली उपकरणं शोधता येतात, आणि विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना इंदूरच्या यूजीसी-डीएई केंद्राकडे प्रस्ताव पाठवता येतो. प्रस्तावात वरचा कागदी हिशेब जोडा. अपेक्षित मोमेंट किती, हे लिहिलेलं असलं की यंत्राची निवड तिथेच स्पष्ट होते.

सहावी पायरी: आकडे स्वच्छ करणं

प्रतलातल्या लूपमध्ये ५,००० ओर्स्टेडच्या पुढे फिल्म केव्हाच संपृक्त झालेली असते. तिथे जो उतार उरतो तो सबस्ट्रेटचा. धन आणि ऋण, दोन्ही टोकांना सरळ रेघ बसवा, दोन उतार सारखे आहेत ना पाहा, आणि सरासरी उतार सगळ्या आलेखातून वजा करा. दोन टोकांचे उतार वेगळे आले तर मोजताना यंत्र सरकलं आहे, पुन्हा मोजा.

प्रतलाला लंब दिशेत हीच युक्ती आंधळेपणाने वापरली की घात होतो. पातळ फिल्मला आडवं पडायला आवडतं. उभं करायला परमॅलॉयला सुमारे १०,००० ओर्स्टेड लागतात, कोबाल्टला सुमारे १८,००० पर्यंत. त्याआधीच रेघ बसवलीत तर फिल्मचाच उतार तुम्ही ‘पार्श्वभूमी’ म्हणून फेकून द्याल. लंब दिशेसाठी कोऱ्या तुकड्याचा उतार घ्या.

एककांबाबत: १ ईएमयू प्रति घन सेंटिमीटर म्हणजे १ किलोअ‍ॅम्पिअर प्रति मीटर, आणि १ ओर्स्टेड म्हणजे सुमारे ८० अ‍ॅम्पिअर प्रति मीटर. फाइलच्या प्रत्येक स्तंभावर एकक लिहा, सहा महिन्यांनी आठवत नाही.

शक्य असेल तर ५, १०, १५, २० आणि ३० नॅनोमीटर अशा पाच जाडींच्या फिल्म करा आणि दर चौरस सेंटिमीटरचा मोमेंट जाडीसमोर मांडा. बिंदू सरळ रेघेत येतात. रेघेचा उतार म्हणजे चुंबकन. पण रेघ शून्यातून जात नाही, जाडीच्या अक्षाला थोडी पुढे छेदते. टॅंटलमला लागून असलेल्या परमॅलॉयचा साधारण १ नॅनोमीटर भाग मिसळून चुंबकत्व गमावतो, त्याला मृत थर म्हणतात. एकट्या ५ नॅनोमीटरच्या फिल्मवरून चुंबकन काढलं असतं तर २० टक्के कमी आलं असतं. या विषयातला मला सगळ्यात आवडणारा आलेख हाच आहे, कारण पाच साध्या मोजमापांतून डोळ्यांना न दिसणारा नॅनोमीटरभर थर समोर उभा राहतो.

सातवी पायरी: लूप वाचणं

सोप्या दिशेत लूप चौकोनी, अवघड दिशेत जवळजवळ तिरकी रेघ, लंब दिशेत हजारो ओर्स्टेडपर्यंत लांबलेली रेघ: असं असेल तर फिल्म नीट आहे. काही ओर्स्टेडला झेप घेऊन नंतर हजारो ओर्स्टेडपर्यंत हळूहळू चढत राहिलेला लूप दिसला तर त्यात कचरा आहे. लोखंडाचा गोल कण संपृक्त व्हायला सुमारे ७,००० ओर्स्टेड घेतो, मॅग्नेटाइटचा सुमारे २,०००. आणि कण गोलसर असल्यामुळे नमुना आडवा ठेवा की उभा, त्याचा लूप तसाच दिसतो. फिल्मचा लूप दिशा बदलली की ओळखू न येण्याइतका बदलतो. शंका आली की नमुना ९० अंशात उभा करून पाहायचा, ही खात्रीची परीक्षा.

जाळीच्या फिल्ममध्ये कोअर्सिव्हिटी वाढलेली दिसेल. फिल्ममध्ये वेगवेगळ्या दिशांनी चुंबकित झालेले प्रदेश असतात आणि फील्ड बदललं की त्यांच्यातल्या भिंती सरकतात. भिंत भोकावरून जाताना तिची लांबी, म्हणून तिची ऊर्जाही, कमी होते. ती तिथेच अडकते आणि सोडवायला जादा फील्ड लागतं. इतक्या पातळ फिल्ममध्ये भिंतीतलं चुंबकन प्रतलातच वळतं, हे लुई नेएल यांनी १९५५ मध्ये मांडलं.

षट्कोनी मांडणी आहे म्हणून दर ६० अंशांनी कोअर्सिव्हिटी पुन्हा तीच यावी, अशी अपेक्षा असते. व्हीएसएममध्ये ती बहुधा पुरी होत नाही. गोळ्यांची मांडणी एकसंध नसते, काही मायक्रोमीटर ते काही दशक मायक्रोमीटरचे तुकडे वेगवेगळ्या दिशांना वळलेले असतात, आणि व्हीएसएम त्या सगळ्यांची सरासरी दाखवतं. तुमची जाळी बिघडली असा याचा अर्थ घेऊ नका. एका तुकड्यावर बारीक ठिपका पाडून मोकने मोजा, तिथे कोनानुसार काढलेल्या कोअर्सिव्हिटीच्या वर्तुळाकार आलेखात सहा पाकळ्या दिसण्याची शक्यता असते.

हे सगळं परमॅलॉयवर जमलं की कोबाल्ट आणि प्लॅटिनमच्या आळीपाळीने रचलेल्या थरांकडे वळा. १ नॅनोमीटर कोबाल्ट म्हणजे अणूंचे जेमतेम पाच थर, त्यातले दोन पृष्ठभागावर. त्या दोन थरांची उभं राहण्याची ओढ फिल्मच्या आडवं पडण्याच्या ओढीवर मात करते आणि चुंबकन लंब दिशेत वळतं. तेव्हा वरची लंब दिशेची सगळी काळजी दुप्पट उपयोगी पडेल.

मोजून झालेला नमुना टाकून देऊ नका. डबीवर तारीख, जाडी, सोपी दिशा आणि अपेक्षित मोमेंट लिहून कोरड्या जागी ठेवा, आणि सहा महिन्यांनी तीच फिल्म त्याच होल्डरवर पुन्हा मोजा. मोमेंट तोच आला तर झाकणाचा थर टिकला आहे. घटला असेल तर किती नॅनोमीटर गंजलं, ते भागाकार करून काढता येईल.